पेण-रोह्याचे 'शनिवार तेली': हिब्रू प्रार्थना, मराठी कीर्तन आणि बिरड्याचा सण

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, तळकर, किहीमकर, दिवेकर, नवगावकर. ही आडनावं वाचून डोळ्यांसमोर काय येतं? रायगड जिल्ह्यातली गावं आणि तिथली मराठी माणसं. ते बरोबरच आहे. पण ही सगळी आडनावं ज्यू कुटुंबांचीसुद्धा आहेत. यातले अष्टमकर रोह्याला कुंडलिका नदीपलीकडे असलेल्या अष्टमीचे आणि तळकर तळ्याचे.

कोकणातल्या या ज्यू समाजाला 'बेने इस्रायल' म्हणतात. हिब्रूत त्याचा अर्थ 'इस्राएलची मुलं' असा होतो. त्यांच्याबद्दलची एखादी पोस्ट अधूनमधून फिरत असते आणि खाली कॉमेंटमध्ये दोन गट हमखास पडतात. एक म्हणतो, हे मूळचे इथलेच, नंतर ज्यू झाले. दुसरा म्हणतो, हे मूळचे बाहेरचे, इथे नुसते राहिले. दोन्ही बाजूंच्या हातून मधली गोष्ट सुटते आणि ती जास्त रंजक आहे. आपला धर्म जवळजवळ विसरलेल्या एका छोट्या समाजाने तो पुन्हा शिकून घेतला आणि त्यासाठी शेजाऱ्यांची भाषा, शेजाऱ्यांचे छंद, अगदी शेजाऱ्यांचं कीर्तनही वापरलं, ही ती गोष्ट.

आधी थोडक्यात: हे लोक आले कुठून?

समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना नवगावलाच पुरलं. वाचलेल्यांचे वंशज म्हणजे बेने इस्रायल. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. त्यांनी ही घटना इ.स.पू. १७५ च्या सुमाराची मानली. (त्यांचं पुस्तक छापून आलं ते १९३७ मध्ये, तेल अवीवला. लेखक तोवर हयात नव्हते.)

या जहाजाचा कागदोपत्री पुरावा नाही. त्यामुळे 'दोन हजार वर्षांपूर्वी' हे पोस्टमधलं ठाम वाक्य परंपरा म्हणून वाचावं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र बेने इस्रायल लोकांमध्ये मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दोन्ही वारसा आढळला. म्हणजे कॉमेंटमधले दोन्ही गट अर्धे-अर्धे बरोबर निघाले.

'शनिवार तेली' हे नाव कशामुळे?

कोकणात या लोकांचा मुख्य धंदा तेलघाण्याचा होता. ज्यू धर्मात शनिवार हा विश्रांतीचा दिवस, 'शब्बाथ'. त्या दिवशी हे लोक घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'.

गावाने या वेगळ्या धर्माच्या लोकांकडे कसं पाहिलं, ते या नावात दिसतं. ज्यू म्हणजे काय हे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. गावगाड्यात प्रत्येकाला एक जात आणि एक धंदा असायचा, तसा यांनाही मिळाला. सुट्टीचा वार वेगळा, एवढाच फरक गावाने नोंदवला.

यात फार गोडवा शोधायला जाऊ नये. जातीच्या चौकटीत जागा मिळाली म्हणजे चौकटीची बंधनंही आली. रोटी-बेटी व्यवहार आपल्यातच राहिला. समाजाच्या आतसुद्धा 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असे दोन थर पडले आणि त्यांच्यात लग्नं होत नसत. पुढे मुंबईत बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू व्यापारी भेटले, तेव्हा त्यांनी या कोकणी ज्यूंना बरोबरीचं मानायला टाळाटाळ केली. एकाच धर्माच्या लोकांनी लांब ठेवलं, तर वेगळ्या धर्माच्या गावाने वेगळं ठेवूनही सामावून घेतलं होतं. हा उलटा हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे.

काय लक्षात राहिलं होतं आणि काय विसरलं होतं?

शतकानुशतकं इतर ज्यूंशी संपर्क नाही, हिब्रू येत नाही, धर्मग्रंथ जवळ नाही, असा हा समाज होता. तरी काही गोष्टी टिकून राहिल्या: शनिवारची विश्रांती, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम, काही सण आणि 'शेमा' ही देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना. तिचे हिब्रू शब्द बहुतेकांना अर्थ न कळता पाठ होते. जन्म असो, लग्न असो की मृत्यू, तीच एक प्रार्थना म्हटली जायची.

मग कोचीनहून दावीद रहाबी नावाचा एक ज्यू शिक्षक आला, असं परंपरा सांगते. हे लोक खरंच ज्यू आहेत का, याची त्याने परीक्षा घेतली. वेगवेगळे मासे बायकांपुढे ठेवून रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे निवडले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्मात नेमके तेवढेच मासे चालतात. त्याची खात्री पटली. ग्रंथ नव्हता, पण चुलीपाशी उभी असलेली बाई नियम पाळत होती. रहाबीच्या काळाबद्दल अभ्यासकांत मोठा मतभेद आहे. कुणी त्याला मध्ययुगात ठेवतात, तर कुणी अठराव्या शतकात.

रहाबीने झिराडकर, शहापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतल्या पुरुषांना धर्मविधी शिकवले. त्यांना गावोगाव 'काजी' म्हटलं जायचं. शब्द मुसलमानी अमलातला, काम ज्यू लग्न लावण्याचं. मुंबईतल्या 'डॉ. ई. मोझेस रोड'वरून गेला असाल, तर ते डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर. ते बेने इस्रायल होते आणि १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले.

सणांची नावं वाचा

हा भाग जरा सावकाश वाचा. हिब्रू नावं विसरल्यावर बेने इस्रायल लोकांनी सणांना जी नावं दिली, त्यांत पेण-रोह्याचं अख्खं शिवार आहे.

ज्यू नववर्ष म्हणजे रोश हशाना. इथे त्याचं नाव 'नव्याचा सण'. त्यानंतर दहाव्या दिवशी कडक उपवासाचा योम किप्पूर येतो, तो 'दार फाळणीचा सण', म्हणजे दारं लावून घेण्याचा. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, बाहेरच्या कुणाचा स्पर्श न होऊ देता घरात बसायचं. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', त्यात दानधर्म करायचा. त्याच दिवसांत 'खिरीचा सण' येतो. त्याआधीच्या महिन्यातल्या उपवासांना नाव होतं 'रमजान' आणि एकेका उपवासाला 'रोजा'. पुरीम या सणाला नाव होतं 'होळीचा सण'.

सगळ्यात खास म्हणजे 'बिरड्याचा सण'. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्याच्या शोकाचा हा दिवस, हिब्रूत तिशा बआव, साधारण जुलै-ऑगस्टमधला. आधीचे नऊ दिवस मांसाहार बंद आणि उपवास सोडायचा तो मोड आलेल्या, सोललेल्या वालाच्या बिरड्याने. ज्यांनी पेण, रोहा किंवा अलिबागला जेवण केलंय, त्यांना कडवे वाल म्हणजे काय ते सांगायला नको. भात कापल्यावर त्याच शेतात वाल होतो. हिवाळ्यात त्याच्या शेंगांची मडक्यात पोपटी लागते आणि वाळवलेला दाणा पावसाळ्यात बिरड्याला येतो. जेरुसलेमचा शोक आणि रायगडचा वाल एकाच ताटात आले. आसपासच्या हिंदू घरांतही त्याच सुमाराला श्रावणामुळे मांसमच्छी बंद असते, म्हणजे शेजाऱ्यांना हे पथ्य ओळखीचंच वाटलं असणार.

पण होळी आणि पुरीम? हा योगायोग की नक्कल?

पुष्कळांना वाटतं, होळी बघून यांनी होळी सुरू केली. तसं नाही. हिब्रू पंचांग आणि आपलं पंचांग दोन्ही चांद्र-सौर आहेत. महिने चंद्राप्रमाणे मोजायचे आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून मधूनमधून अधिक महिना घालायचा, ही युक्ती दोन्हीकडे आहे. पुरीम येतो वसंताच्या सुरुवातीच्या पौर्णिमेच्या तोंडावर, होळी फाल्गुन पौर्णिमेला. त्यामुळे बहुतेक वर्षी दोन्ही सण लागूनच येतात. २०२५ मध्ये १३ मार्चला इकडे होळी पेटली आणि त्याच संध्याकाळी पुरीम सुरू झाला.

नव्याचा सण आणि घटस्थापना यांचंही तसंच. दोन्ही अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी येतात. २०२२ मध्ये दोन्ही २६ सप्टेंबरला होते, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला. म्हणजे दहावा दिवसही जुळतो. १२ ऑक्टोबर २०२४ ला दसरा होता आणि योम किप्पूरही होता. अधिक महिना दोन्हीकडे एकाच वर्षी येत नाही, म्हणून काही वर्षी महिन्याचं अंतर पडतं. २०२३ मध्ये तसंच झालं.

रोह्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते आणि तिला पोलिसांची सलामी असते. त्याच दिवसांत अष्टमीतल्या ज्यू घरांत दारं लावून उपवास व्हायचा आणि मग शिळा सण. एक घर दार लावून बसलंय, दुसरं दारात रांगोळी काढतंय आणि दोघांचाही चंद्र एकच, हे दृश्य कित्येक वर्षी घडलं असेल. नक्कल म्हणायचीच तर ती नावाची झाली. सण मुळातला ज्यूच होता. शेजाऱ्याला समजेल असं नाव त्याला मिळालं.

मलिदा: पोह्यांचा नैवेद्य, पैगंबराच्या नावाने

बेने इस्रायल समाजाचा सगळ्यात स्वतःचा विधी म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा हे एका ताटात कालवायचं, भोवती फळं मांडायची आणि एलियाहू हानाबी म्हणजे पैगंबर एलिया यांच्या नावाने हिब्रू प्रार्थना म्हणायच्या. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना मलिदा होतो.

जगातले बाकीचे ज्यू एलियाला मानतात, पण पोह्यांचं ताट कुणी मांडत नाही. 'मलिदा' हा शब्द दर्ग्यावरच्या गोड प्रसादासाठी मुसलमान वापरतात. फळांची मांडणी हिंदू पूजेशी जुळते. पोह्यांचं काय सांगावं, पेणचे पोहे आणि पोह्यांचे पापड आजही लोक पिशव्या भरून नेतात. अलिबागजवळ सागाव-खंडाळे इथे एका खडकावर रथाच्या चाकासारख्या खुणा आहेत. एलियाचा रथ इथूनच स्वर्गात गेला, अशी समाजाची श्रद्धा. त्या जागेला 'एलियाहू हानाबीचा टापा' म्हणतात आणि तिथे जाऊन आजही मलिदा केला जातो.

मग धर्म पुन्हा शिकला कसा?

एकोणिसाव्या शतकात दोन बाजूंनी शिकवणी सुरू झाली. एकीकडून कोचीनचे ज्यू शिक्षक आले. दुसरीकडून ख्रिस्ती मिशनरी. मिशनऱ्यांना या समाजात विशेष रस होता, कारण जुना करार यांचा मूळ ग्रंथ. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. त्यांच्या शाळांत मुलं गेली, बायबलची मराठी भाषांतरं घरात आली.

हेतू धर्मांतराचा होता, पण परिणाम भलताच झाला. ख्रिस्ती झालेले फार थोडे. बाकीच्यांनी व्याकरण घेतलं, भाषांतर घेतलं आणि त्याच्या आधाराने जास्त पक्के ज्यू झाले. या इतिहासातली ही सगळ्यात मजेदार कलाटणी आहे, पण पोस्टमध्ये ती सहसा दिसत नाही.

मग समाजाने स्वतः छपाई सुरू केली. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा 'हग्गादा' हा ग्रंथ १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापला गेला. संपादक मोझेस जेकब तळकर आणि एरन डॅनियल तळकर, प्रकाशक विठ्ठल सखाराम अग्निहोत्री. तळ्याच्या आडनावाचे दोन ज्यू आणि एक अग्निहोत्री. त्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकर तयार करताना दिसतात. युरोपातल्या हग्गाद्यांत त्याच कामाच्या चित्रांत युरोपीय कपडे असतात.

आणि कीर्तन

१८८० च्या सुमाराला मुंबईतल्या काही बेने इस्रायल तरुणांना प्रश्न पडला. भाषांतर छापलं, पण वाचणार किती? स्त्रिया, म्हातारी माणसं, गावाकडचे लोक यांच्यापर्यंत अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा पोचवायच्या कशा? उत्तर डोळ्यांसमोर होतं. मराठी समाजात ज्ञानोबा-तुकोबांपासून पुराणांपर्यंत सगळं घराघरांत पोचलं ते कीर्तनातून. त्यांनी तेच उचललं. त्यासाठी 'कीर्तनोत्तेजक मंडळ' निघालं. या चळवळीतलं ठळक नाव बेंजामिन शिमशोन अष्टमकर. आडनाव पुन्हा रोह्याच्या पलीकडच्या काठाचं.

साचा ओळखीचाच होता. आधी ईश्वराला नमन, मग कथा, मध्ये गाणी, साथीला पेटी-तबला. ओवी, अभंग, साकी, दिंडी ही वृत्तंही तीच. फक्त कथा योसेफाच्या भावांची, एस्तेर राणीची. मूर्ती नाही, अवतार नाही. देव एकच आणि निराकार, यात तडजोड नाही. म्हणजे समोर बसलेल्या हिंदू शेजाऱ्याला चाल कळायची, शब्द कळायचे, कथा मात्र नवी असायची. आणि ज्यू आजीला आपला धर्म पहिल्यांदा सलग, गोष्टीच्या रूपात कळायचा.

हे करणारे ते एकटे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्याकडे ओवीत आलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंग वापरला. ओवी-अभंग ही एकाच धर्माची मालमत्ता आहे, असं या कुणालाच वाटलं नाही. आज एखाद्या व्हिडिओखाली 'हे आमचं, यांनी चोरलं' किंवा 'यांना हे शोभत नाही' असं कुणी लिहितं, तेव्हा तो निदान चारशे वर्षांच्या मराठी लेखनाच्या विरोधात बोलत असतो.

आज काय उरलंय?

स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतात सुमारे २० हजार बेने इस्रायल होते. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथेही सगळं सरळ झालं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांबाबत वंशाची चौकशी लावली. म्हणजे 'तुम्ही खरे ज्यू का?' हा रहाबीचा प्रश्न पुन्हा आला, यावेळी मासे न मांडता. समाजाने धरणं धरलं, आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं.

भारतात आता काही हजार जण उरलेत, मुख्यतः मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. पेणचं 'बेथ हाएलोहिम' आणि अष्टमीचं 'बेथ एल' ही सिनेगॉग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. ज्यू सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. छोट्या गावात दहाचा आकडा भरत नाही, तिथे दिवा-झाडलोट चालू राहिली तरी पूर्ण प्रार्थना होत नाही. अलिबागमध्ये 'इस्राएल आळी' हे नाव अजून आहे, आळीतली बहुतेक कुटुंबं नाहीत.

कीर्तनाचं दुखणं वेगळं आहे. कीर्तनाच्या छापील पोथ्या मराठीत आहेत, त्यातली नावं आणि संदर्भ हिब्रू आहेत आणि चाली साकी-दिंडीच्या, ज्या कागदावर लिहिलेल्या नाहीत. वाचायला देवनागरी हवी, समजायला ज्यू धर्म हवा आणि म्हणायला कान हवा. इस्रायलमधल्या नव्या पिढीला हिब्रू येतं, देवनागरी येत नाही. इथल्या मराठी वाचकाला देवनागरी येते, पण ही पोथी आपल्या भाषेतली आहे हेच माहीत नसतं. अलीकडच्या दशकांत मुंबई-ठाण्यात आणि इस्रायलमध्ये कीर्तनातली गाणी पुन्हा म्हणायला लागल्या त्या मुख्यतः बायका, आईकडून-आजीकडून ऐकलेल्या चालींवर. इस्रायलमध्ये नोहा मसिल यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

पेण किंवा रोह्याच्या बाजूला तुमचं घर असेल, तर जुन्या माणसांना एकदा विचारा, शनिवार तेल्याचा घाणा कुठे होता. बऱ्याच गावांत जागा अजून सांगता येते. आणि माळ्यावर एखादी जुनी मराठी पोथी सापडली, तिच्यात पांडवांऐवजी योसेफ आणि त्याचे अकरा भाऊ असतील, तर रद्दीत घालू नका. फोटो काढून मुंबईतल्या किंवा ठाण्यातल्या सिनेगॉगच्या लोकांना दाखवा. त्यातली चाल आठवणारी एखादी आजी अजून असू शकते.